दौलतरावांचा खोटा खोकला

शैला मॅडमना नर्सिंगच्या पोरींच्या परीक्षेसाठी एक खोटा पेशंट हवा होता, आणि मरोदा वसाहतीत त्यांच्या शेजारीच स्टील प्लांटातून रिटायर झालेले दौलतराव रिकामे बसले होते. काम सोपं. खोकत यायचं, आणि बिडी ओढतो हे कोणी आपुलकीनं विचारल्याशिवाय सांगायचं नाही. नातेवाईक म्हणून सोबत त्यांची बायको अंजनाबाई.

तालमीत दौलतराव खुर्चीत बसले आणि प्लांटात शिफ्ट सोपवावी तसं सगळं एका दमात सोपवून मोकळे झाले. "तीन हप्ते खोकला, ताप नाही, बिड्या रोजच्या दहा. अन् हे बिडीचं विचारल्याबिगर सांगायचं नाही!"

"काका, लपवायचं होतं ना!" मॅडमनी कपाळाला हात लावला.

"मले लपवणं जमत नाही बाप्पा."

"खरं आहे," अंजनाबाई अभिमानानं म्हणाल्या. "चाळीस वर्षांत एक गोष्ट लपवली नाही यायनं."

दौलतरावांना एकदम ठसका लागला. हा मात्र खरा होता.

परीक्षेच्या दिवशी त्यांनी कमाल केली. चार पोरी कागदावरचे प्रश्न धडाधड विचारून गेल्या. दौलतरावांनी ताकास तूर लागू दिली नाही. पाचवी गीतांजली. मागच्या खेपेला नापास झालेली, आज हुकलं की वर्ष गेलं. बिचारी इतकी घाबरली की सगळे प्रश्नच विसरली. मग घरी आजोबांशी बोलावं तसं बोलली, "काका, जेवले का? काही मनात असन तर सांगा ना. मी नाही रागावणार."

दौलतराव विरघळलेच. "पोरी, तुले म्हणून सांगतो. बीपीची गोळी मी गिळतच नाही. जिभेखाली धरतो अन् तुळशीत थुंकतो. दोन महिने झाले."

मॅडम कागद उलटापालटा करू लागल्या. "हे तर यात नाहीच!"

"अरे देवा!" अंजनाबाई ताडकन उठल्या. "म्हणून तुळस वाळून राहिली होय! कावून केलं असं?"

"त्या गोळीनं घडीघडी लघवीले जा लागते. पत्त्याचा डाव सुटते."

तोवर गीतांजलीनं दंडाला पट्टा बांधला होता. आकडा पाहून तिनं खऱ्या डॉक्टरांना हाक मारली. बिडीचं विचारायचं राहिलंच, तरी मॅडमनी तिला पैकीच्या पैकी मार्क दिले.

पुढच्या तुकडीलाही खुर्चीत दौलतरावच होते. शिकवायला मात्र अंजनाबाई उभ्या होत्या.

"पोरींनो, पेशंट कितीबी साधाभोळा दिसला तरी गोळी दिल्यावर आधी जीभ वर करायला लावा."

दौलतरावांनी निमूटपणे आ केला.