अठ्ठावीस गुहा, अठ्ठावीस सीलं

"आता माझ्या परवानगीशिवाय या गुहांत मुंगीसुद्धा शिरणार नाही!" डॉक्टर सफिनाझनं कमरेवर हात ठेवून जाहीर केलं. वाळवंटातल्या ख्रिस्ती मठाभोवतीच्या अठ्ठावीसही गुहांच्या तोंडांवर तिनं सकाळीच बारीक जाळ्या ठोकून लाखेची सीलं लावली होती. तीन वाजता कैरोहून समिती येणार, सीलं शाबूत बघणार, मगच पुरातत्त्व पाहणीला मंजुरी! तीन वर्षं खेटे घातले होते बिचारीनं.

दीड वाजता मठाचे प्रमुख अबूना (म्हणजे फादर) सरापामोन धापा टाकत आले. "बाई, आमचे ऐंशी वर्षांचे साधू पाखोम बाबा पाणी न्यायला आलेच नाहीत!"

"येतील की!"

"येतील कसे? ते गुहेत राहतात!"

सफिनाझ गर्रकन वळली. "कुठल्या गुहेत?"

"दर आठवड्याला बदलतात."

"अहो, पण प्रत्येक गुहेत डोकं घालून ओरडले मी, आत कोणी आहे का म्हणून! कोणी ओ दिली नाही!"

"देतील कशी? ईस्टरपर्यंत मौन आहे त्यांचं!"

बाहेर ऊन नुसतं भाजून काढत होतं. त्यात ऐंशीचा म्हातारा, घोटभर पाणी नाही! सील तोडलं तर मंजुरी गेली. आणि नाही तोडलं तर...

तिनं पक्कड उचलली.

"एकदोनच तोडा, बाई," तिचा बेदुईन ड्रायव्हर सुवेलिम म्हणाला. "बाकी ठिकाणी मी हाका मारतो."

"मौन आहे रे त्यांचं! हाका कसल्या मारतोस?"

सातव्या गुहेत वटवाघळं अंगावर आली. बाराव्या गुहेत काहीतरी पांढरं आडवं पडलेलं दिसलं आणि सफिनाझ किंचाळली. पिठाचं पोतं निघालं!

"अरेच्चा! महिनाभर शोधतोय आम्ही हे!"

"नंतर, अबूना, नंतर!"

सव्विसावीही रिकामी. खाली रस्त्यावर समितीच्या गाड्यांची धूळ दिसायला लागली होती. सत्ताविसाव्या गुहेत, वळणाआड, दोन अनवाणी पाय दिसले. हलत नव्हते. तिनं हात लावला.

गरम होते! सफिनाझ तिथेच फतकल मारून रडायला लागली. पाखोम बाबांनी डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं, तुटक्या जाळीकडे पाहिलं आणि कागद-पेन्सिल काढली.

तोवर समितीचे अध्यक्ष दारात उभे. "सत्तावीस सीलं तुटलेली? मंजुरी आता ईस्टरनंतर बघू!"

बाबांनी चिठ्ठी पुढे केली. अध्यक्षांनी मोठ्यानं वाचली, "तीस वर्षांत आज पहिल्यांदा माश्यांविना झोप लागली होती. जाळी कोणी काढली?"

सफिनाझनं मुकाट्यानं हातोडी शोधायला घेतली.