भटूनानांच्या सीटखालचं इंजिन

भटूनाना गाडी चालवतात तेव्हा सीटवर अर्धेच बसतात. उरलेले अर्धे दाराच्या बाजूला, हवेत असतात. उजवा हात दाराच्या कडीवर, डावा स्टिअरिंगवर. गिअर बदलायचा झाला की क्षणभर गाडी कोणाच्याच हातात नसते, आणि मागे बसलेले आम्ही सगळे श्वास धरून असतो.

नाना आमच्या शेजारचे. शहादा ते नंदुरबार अशी त्यांची व्हॅन रोज भाड्यानं चालते. मी नंदुरबारला एका लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करते, त्यामुळे माझं जाणं-येणं त्यांच्याच गाडीत. ही व्हॅन जुन्या घडणीची आहे. तिचं इंजिन पुढे नसतं, चालकाच्या सीटखाली असतं. सीट उचलली की खाली ते दिसतं, काळं, तेलकट, थरथरणारं.

"मन्हा खाले वाघ बठेल शे, माय," पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले. "आज नुसता गुरगुरी ऱ्हायना. ज्या दिन उठी, त्या दिन पयले ड्रायव्हरले खाई."

तरुणपणी एका गॅरेजमध्ये त्यांनी फुटलेलं इंजिन पाहिलं होतं. आतला लोखंडी दांडा तुटून इंजिनच्या भिंतीतून बाहेर आलेला, आणि उकळतं तेल चालकाच्या पायावर. ही हकीगत मी बऱ्याचदा ऐकली आहे. कधी त्या चालकाची पोटरी भाजते, कधी मांडी. गाडीत एखादा गृहस्थ जास्तच हसत असेल तर कंबरेपर्यंत सगळंच भाजतं.

म्हणून नाना एकावर एक तीन पँटी घालतात. तिन्ही सुती. नायलॉन भाजल्यावर कातडीला चिकटतं असं त्यांचं म्हणणं. मे महिन्यात नंदुरबारच्या मिरचीबाजारासमोर गाडी उभी असते, ठसक्यानं सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी येत असतं, आणि नाना तीन पँटींत घामानं निथळत ओरडत असतात, "चला शहादा, शहादा, शहादा!"

पुढची दुसरी सीटही इंजिनावरच येते. तिथे ते कोणाला बसू देत नाहीत. मागे माणसं एकमेकांच्या मांडीवर असली तरी पुढे पाण्याचा कॅन एकटा बसलेला असतो, पट्टा बांधून. स्टँडवरचे बाकीचे चालक विचारतात, "काय नाना, कॅन भाडं देस का?"

"कॅनले पाय नहीत, भो," नाना म्हणतात. "तो भाजाव नही."

एकदा प्रकाशा गावच्या पुलाजवळ त्यांना इंजिनमधून टकटक ऐकू आली. भर दुपारी सगळ्यांना खाली उतरवलं, सीट उचलली, कान लावला. काही नाही. सगळे चढले, गाडी सुरू झाली, पुन्हा टकटक. पुन्हा सगळे खाली. तिसऱ्यांदा उतरायची वेळ आली तेव्हा मागच्या बाकावरच्या एक आजी जागच्या हलल्या नाहीत. मांडीवरचा स्टीलचा डबा त्यांनी उघडून दाखवला. "मन्हा चमचा शे तो, बाबा. मी काही उतराव नही."

सगळी गाडी हसली. नाना हसले नाहीत.

"आज चमचा व्हता," ते म्हणाले. "रोज ऱ्हाई का?"

माझं शिक्षण इंग्रजीत झालं हे कळल्यावर त्यांनी गाडीबरोबर मिळालेलं जुनं पुस्तक माझ्याकडे आणलं आणि इंजिनाचं पान वाचायला लावलं. मला नानांची अहिराणी सगळी समजते, बोलताना मात्र जीभ अडखळते. मी पुस्तकी मराठीत सांगितलं, "तापमानाचा लाल दिवा लागल्यास चालकाने सुरक्षित जागी थांबावे." नानांनी पुस्तक मिटून सीटवर ठेवलं. मग म्हणाले, "सुरक्षित जागा कोनती, माय? मी तं त्यानावरच बठेल शे."

त्यांच्या या वेडाला गल्लीनं कधीच मान्यता देऊन टाकली होती. ते फक्त एका माणसाला मान्य नव्हतं. त्यांची मुलगी ज्योती.

ज्योतीची आई ती लहान असतानाच गेली. नानांनी तिला एकट्यानं वाढवलं, पण कधी स्वतःच्या गाडीत बसवलं नाही. शाळेला सायकल, कॉलेजला एस.टी. लग्न होऊन ती कळसाडीला गेली, तरी सणाला आणायला नाना एस.टी.नंच जायचे आणि तिची पिशवी धरून एस.टी.नंच परत यायचे. पुढे नको, तर मागे बसते, असंही ती म्हणून पाहायची. "वाघ तो वाघ," एवढंच उत्तर. एकदा माहेरपणाला आली असताना आमच्या ओट्यावर बसून ती मला म्हणाली, "दुनियानी पोरे याना गाडीमा फिरतस. मीच काय वाईट करेल शे?" हसत म्हणाली, पण नंतर बराच वेळ नखं कुरतडत बसली.

या फाल्गुनात तिला नववा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून नाना आणायला निघणार तोच याहीणबाईंचा, म्हणजे ज्योतीच्या सासूचा, फोन आला. नानांचा फोन नेहमी स्पीकरवर असतो, त्यामुळे गल्लीनंही तो ऐकला. "आते तिले एस.टी.ना धक्कामा धाडाव नही. गाडी लई या. नही तं ऱ्हावू द्या, आठेच करसूत बाळंतपण."

त्यानंतर नाना एका जागी बसलेले मी पाहिले नाहीत. जिचं इंजिन पुढे नाकात आहे अशी गाडी शोधत ते शहादाभर फिरले. लग्नसराई होती, सगळ्या गाड्या वऱ्हाडात. मग त्यांनी मेकॅनिकला पकडलं. तेल बदललं, पाणी बदललं, पट्टा बदलला. मेकॅनिक म्हणाला, "नाना, गाडी ठणठणीत शे." नाना म्हणाले, "वाघबी ठणठणीतच ऱ्हास." शेवटी मेकॅनिक त्यांना पाहिलं की दुकानाचं शटर अर्धं ओढायला लागला.

आणायला जाताना एक बाईमाणूस सोबत हवं. माझ्या आईचे गुडघे दुखतात, म्हणून मला पाठवलं. निघताना आईनं नानांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नाना, याहीणीसमोर तीन पँटी घालून जाशात?" नाना लाजले. घरात जाऊन पांढरा पातळ पायजमा घालून आले.

कळसाडीत ओटी भरून झाली, चहा झाला. ज्योती गाडीच्या अगदी मागच्या बाकावर बसली. नानांनी तिच्यापुढे गोधड्यांची भिंत रचली. त्या भिंतीवरून ती गल्लीतल्या बायकांना हात करत होती. मी तिच्याशेजारी. "नाना, हॉर्न वाजाडा ना," ती म्हणाली. नानांनी हॉर्न वाजवला.

गाव मागे पडलं आणि थोड्याच वेळात तिनं माझं मनगट धरलं. आधी मला वाटलं, धक्का बसला असेल. मग तिचा चेहरा पाहिला. मी अँब्युलन्सला फोन लावला. ती तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला होती. शहाद्याचा दवाखाना आम्हालाच जवळ होता. "नाना, लवकर," एवढंच मला बोलता आलं.

उसाच्या ट्रॉल्यांची रांग ओलांडून नानांनी वेग घेतला, आणि पुढून आवाज यायला लागला. टक. टक. टक.

नानांनी गाडी कडेला घेतली. सवयच ती. मी मागे चमचा, डबा, बांगड्या, सगळं चाचपलं. नाना सीट उचलून वाकले होते. उठले तेव्हा त्यांचं तोंड पांढरं पडलेलं. खिडकीशी येऊन अगदी हळू म्हणाले, "बेअरिंग गया. आते हाई फुटी."

"मग थांबायचं?"

मागून ज्योती ओरडली, "नाना, चला ना! काबरं थांबनात?"

नानांनी रस्त्याकडे पाहिलं. मागे फक्त ट्रॉल्या, बैलांसारख्या सावकाश येणाऱ्या. मग ते वळले, सीट खाली आदळली आणि तिच्यावर बसले. पूर्ण बसले. दार ओढून नीट लावलं. "पाय वर ल्या दोन्हीजणी," एवढंच म्हणाले.

टकटक वाढत गेली, मग खणखण झाली. नाना दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून होते. त्यांच्या मानेवरून घाम उतरताना मला दिसत होता. ज्योतीच्या ओरडण्यात तिला कसलाच आवाज ऐकू येत नव्हता.

दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर आलं, ज्योती आत गेली. मी पायरीवर होते. वॉचमन ओरडत होता, "ओ नाना, गाडी बाजूला घ्या!" मागे एक रिक्षा अडकली होती. नाना गाडी कोपऱ्यापर्यंत घेऊन गेले, आणि तिथे तो आवाज झाला, ट्रॉलीभर लोखंड एकदम ओतल्यासारखा. खालून धूर आला. दार उघडलं आणि नाना बाहेर पडले, पळाले नाहीत, पडले. पायजम्याची उजवी पोटरी तेलानं काळी झाली होती.

नर्सनं पायजमा कापला, मलम लावलं, पट्टी बांधली. मी विचारलं, "बंद करून ढकलायची ना, नाना. तुम्हाला तर माहीत होतं."

"रिक्षामा कोन्ही तरी पोर व्हती," ते म्हणाले. "तीबी कन्हत व्हती."

वॉचमननं त्यांना आपली लुंगी दिली. ती त्यांनी घोट्याच्या खालपर्यंत ओढून नेसली, पुन्हा पुन्हा वाकून पाहिली.

संध्याकाळच्या आत मुलगी झाली. आम्ही आत गेलो तेव्हा ज्योती थकून पडली होती, पण डोळे चमकत होते.

"पायजमा कोठे गया, नाना?"

"चहा सांडी गया."

ती हसली. मग उशीवरून थोडी वर सरकली. "आते सांगा. बठनी ना मी तुमनी गाडीमा? काय व्हयनं?"

नानांनी एक हात भिंतीला लावला, सगळा भार डाव्या पायावर घेतला आणि नातीचं तोंड पाहायला वाकले.

"काहीच नही, माय," ते म्हणाले. "काहीच व्हयनं नही."