निरोगी सरदारांस नित्य गोळी चारिली त्याची बखर

श्रीधन्वंतरी प्रसन्न. शके एकोणीसशे बत्तीस, विकृतिनाम संवत्सरी, वैशाखमासी एके राज्यात जे वर्तमान जाहले ते ऐसे जे, राज्य भरभराटीचे, परंतु महाराजांस एकच घोर, की आपले जुने धडधाकट सरदार एकेक करून वैकुंठवासी होतात आणि सल्ला देण्यास नुसते तरुण उरतात. तेव्हा राजवैद्य निळोपंत यांणी अर्ज केला जे, "आस्पिरीन नामे पांढरी गोळी आहे. ज्याचे काळजास एकवार झटका आला, त्यास ती तारिते. निरोगी माणसाने नित्य खाल्ली तर आयुष्य वाढते की कसे, हे पाहिल्यावाचून कळणार नाही." महाराज संतोष पावले आणि निरोगी वृद्ध सरदारांस रोज एक गोळी सुरू जाहली. निम्म्यांस खरी, निम्म्यांस खडूची, आणि कोणास कोणती हे कोणासच सांगितले नाही.

त्यांत रायाजीराव घोसाळकर म्हणून किल्लेदार. दात शाबूत, जन्मात पडसे ठाऊक नाही. परंतु शेजारचे किल्ल्यावरील साबाजीराव गोळी घेतल्यापासून पायऱ्या उड्या मारीत चढतात, ऐसे कानी आले आणि जीव जळो लागला. आपण आधी जावे आणि साबाजीने आपले तेराव्यास बुंदी झोडावी, हा विचार सोसवेना. मग निश्चय केला की आता मरणेच नाही, आणि गोळी गिळोन मिशांस पीळ भरीत तटावर फिरो लागले.

पुढे नातीचे लग्न निघाले. मांडवी जाण्याआधी न्हाव्याचा वस्तरा हनुवटीस अंमळ लागला, आणि रक्त थांबेचना. हळद लाविली, तुरटी लाविली, अखेर उपरणे बांधिले, आणि लाल उपरण्याने आजोबा मांडवात येताच व्याही समजले की गनीम आला, आणि वऱ्हाड जेवणाची पाने टाकोन पळाले. तरी रायाजीराव गोळी सोडीनात. मग एके सकाळी रक्ताची उलटी जाहली आणि किल्लेदार देवघरासमोर कोसळले. कुटुंब भिवराबाई धावत आल्या, मस्तक मांडीवर घेतले आणि म्हणाल्या, "अहो, साबाजीराव शंभर वर्षे जगोत की दोनशे! तुम्ही गेलात तर मी काय त्या गोळीशी संसार करू?" किल्लेदारांस जन्मात प्रथम भय वाटले. निळोपंत मेण्यातून आले, पोटातील रक्त थांबविले, मोहोरबंद याद उघडोन पाहिली आणि म्हणाले, "तुमची गोळी खरी होती, तीच रक्त गोठू देत नाही. आजपासून बंद."

काही वर्षांनी महाराजांनी दरबार भरविला. खरी गोळीवाले उजवीकडे, खडूवाले डावीकडे उभे केले. पाहातात तो दोहीकडे सरदार जवळपास सारखेच गळालेले, उलट उजवीकडे जागा अंमळ अधिक रिकाम्या, आणि नाकात बोळे घातलेले बहुत. आणि साबाजीराव डावीकडे! ते ओरडले, "खडू? मग मी उड्या कशाच्या जोरावर मारीत होतो?" आणि तेथेच मटकन बसले, आणि त्या दिवसापासोन त्यांचे गुडघे धरिले.

रायाजीरावांस आनंद व्हावा, तो होईना. मग आपणच त्यांचे किल्ल्यावर गेले आणि म्हणाले, "साबाजी, ऊठ. पायऱ्या चढू."

"कशास चढायचे? जोर तर खडूचा निघाला."

"तू गेलास तर मी जगावे कोणापेक्षा अधिक?"

साबाजीराव हसले, आणि दोघे हात धरोन चढो लागले, आणि वर पोहोचल्यावर कोण आधी पोहोचला यावरोन भांडले.

सारांश, निरोग्याने आपले मने नित्य गोळी घेऊ नये, काळजाचे दुखणेकऱ्याने आपले मने सोडू नये, दोघांनी वैद्यास पुसावे. जैसे घडले तैसे लिहिले. लिहिणाराची प्रकृती उत्तम आहे.