नडगीवाले सोहोनी

सोहोनी समोरच्या माणसाशी बोलताना त्याच्या तोंडाकडे बघत नाहीत, नडगीकडे बघतात. लिफ्टमध्ये भेटले की आधी नजर खाली जाते आणि मग "काय वहिनी, बरं आहे ना?" आमच्या बुओना व्हिस्टाच्या कॉन्डोत माणसं बारा महिने अर्ध्या चड्डीत वावरतात, त्यामुळे त्यांची सोयच आहे. नव्या भाडेकरूंचा गैरसमज होतो. तो मी दूर करते. "माणूस सज्जन आहे," मी सांगते, "फक्त स्कीच्या बुटांना पट्टे बसवतो."

याने गैरसमज वाढतो. विषुववृत्ताजवळच्या या बेटावर बर्फ दिसतो तो आइस कचांगच्या वाडग्यात, वर लाल-हिरवा पाक घातलेला.

बूट त्यांच्या इराचे. इरा रॅफल्स प्लेसला बँकेत आहे आणि मैत्रिणींबरोबर पासिर रिसला राहते. म्हणजे आमच्याच एमआरटी लाइनीच्या पार पूर्वेच्या टोकाला. गाडी थेट आहे, पण तिकडून इकडे येताना इराला ती फारशी सापडत नाही. दर हिवाळ्यात ती जपानला स्कीइंगला जाते. मागच्या खेपेला दोन्ही नडग्या काळ्यानिळ्या करून आली, बूट बापाच्या हॉलमध्ये ठेवले आणि म्हणाली, "बाबा, तू मेकॅनिकल ना? कॅन फिक्स ऑर नॉट?"

सोहोनींनी जन्मभर पंप दुरुस्त केले. बायको वर्षभर पुण्याला, तिच्या आईच्या आजारपणात. आणि मुलीने शाळेतल्या गणितांनंतर बापाकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. माणूस पेटलाच.

"दोष पट्ट्याचा आहे वहिनी," त्यांनी मला बोलावून सांगितलं. स्कीचा बूट म्हणजे बाहेर कडक प्लास्टिकचं कवच, आत मऊ बूट, पुढे जाड जीभ आणि वर सगळं आवळणारा पट्टा. कंपनीचा पट्टा साधा, नायलॉनचा. पाय पुढे वाकला की जीभ आणि नडगी यांच्यात फट पडते आणि नडगी आपटते. सोहोनींनी ताण देणारा रबरी पट्टा मागवला. तो कवचाच्या आतून, थेट जिभेवर घ्यायचा. म्हणजे पाय वाकला की पट्टा बरोबर येतो, उठला की बरोबर उठतो. "पाठ सोडत नाही, पण गळाही धरत नाही," ते म्हणाले. मला वाटलं, हे पट्ट्याबद्दल चाललं आहे.

आता यात माझा संबंध काय? तर माझं पाऊल आणि माझी पोटरी, देवाच्या काही अगम्य हिशेबाने, इराच्याच मापाची आहे. हा शोध त्यांना लिफ्टमध्ये लागला. तेव्हापासून दर शनिवारी सकाळी, बाहेर घामाच्या धारा लागलेल्या असताना, मी लोकरी मोजे आणि ते बूट घालून सोहोनींच्या हॉलमध्ये उभी असते.

"वाका."

वाकते.

"नडगी काय म्हणते?"

"घरी जाऊ द्या म्हणते."

"डावीकडे म्हणते की उजवीकडे?"

नवऱ्याने विचारलं, तू हे का करतेस? मी म्हटलं, माझ्या पायांकडे इतकं लक्ष लग्नानंतर कोणी दिलेलं नाही. तो पेपर वाचायला लागला.

थंडीत रबर किती कडक होतं हे बघायला पट्टा आठवडाभर फ्रीझरमध्ये होता, मटारांच्या शेजारी. जुने रिव्हेट काढून तिथे स्क्रू बसवायला एका रविवारी त्यांनी ड्रिल चालवलं, तर खालून गार्ड आला. "अंकल, संडे कॅनॉट ड्रिल." सोहोनींनी त्याला बूट दाखवला. गार्डने बूट बघितला, खिडकीबाहेरचं ऊन बघितलं. "अंकल, यू स्की व्हेअर?"

"नॉट मी. माय डॉटर."

"देन डॉटर टेक यू अलाँग?"

सोहोनींनी ड्रिल बंद केलं.

कारण दुखणं तिथेच होतं. सोहोनींना जपानला जायचं होतं. स्की करायला नाही हो, गुडघ्यांची ती ऐपत नाही. पायथ्याशी उभं राहून आपला पट्टा कसा चालतो ते बघायचं होतं. इराने एकदा म्हणायला हवं होतं, "चल बाबा." आपण होऊन विचारतील तर ते सोहोनी कसले. मध्ये त्यांनी जाड लोकरी कानटोपी आणली. म्हटलं, ही कशाला? म्हणाले, "ऑफिसचा एसी फार लागतो."

शेवटी माझ्याच्याने राहवेना. इराला निघायला आठवडा उरला होता. मी बूट घालून उभी, ते माझ्या पायाशी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलेले.

"भावजी, एक स्क्रू जरा ढिला ठेवा. रोज सकाळी कोणीतरी आवळून द्यावा लागेल इतपत. मग तीच म्हणेल, बाबा चल."

त्यांनी उजव्या पट्ट्याचा स्क्रू पूर्ण आवळला. मग डाव्याकडे वळले, दोन वेढे फिरवले आणि हात थांबवला. हळूच म्हणाले, "म्हणेल?"

"न म्हणून सांगते कोणाला."

विमानाच्या दिवशी इरा ऑफिसातून परस्पर आली, बॅग ओढत. मला बघून म्हणाली, "मावशी, तूपण?" मी म्हटलं, तुझ्या नडग्या सध्या माझ्याकडे असतात. तिने बूट चढवले, बकलं लावली, पट्टे ओढले आणि पुढे वाकली. परत वाकली. माझ्याकडून सहा महिने वाकवून घेतलेलं ते वाकणं, तिने किती सहज करावं.

"वा, बाबा. राइट इज शिओक, ला." मग कपाळाला आठी. "डावा थोडा हलतोय."

सोहोनी माझ्याकडे बघेनात.

"तिकडे कोण टाइट करणार?" इरा हसली. "एक काम कर, तूच चल. रोज सकाळी करून दे."

आणि सोहोनी? त्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, मुलीच्या पायाशी बसले आणि तो स्क्रू शेवटपर्यंत आवळला. पट्टा दोन्ही हातांनी खेचून बघितला.

"आता नाही हलणार," ते म्हणाले. "वाक."

इरा वाकली. "सॉलिड," म्हणाली. फोन वाजला, टॅक्सी खाली आली होती. बूट बॅगेत गेले, बापाच्या गालाला गाल लागला आणि लिफ्टचं दार मिटलं.

मी अशी चिडले होते की विचारू नका. "अहो, ती बोलावत होती तुम्हाला. थट्टेत का होईना, बोलावत होती."

"ऐकू आलं मला, वहिनी."

"मग?"

"स्क्रू मीच ढिला ठेवला होता ना," सोहोनी म्हणाले. "त्याच्या जोरावर आलेलं बोलावणं घेऊन कसं जायचं?"

ते आत गेले. मी दारातच राहिले. आतून झाडूचा आवाज यायला लागला, प्लास्टिकचा भुगा काढत असावेत. तेवढ्याशा हॉलच्या मानाने तो बराच वेळ येत राहिला.