आधी कोणती आळी उडाली?

या वेळी गावसभेत एकही माणूस झोपणार नाही, याची आरासेलीला शंभर टक्के खात्री होती!

गेल्या वर्षी शहरातून आलेल्या इंजिनियरने पाण्याच्या टाकीची योजना इतक्या बारीक अक्षरांत मांडली, की अर्ध्या गावाने माना टाकल्या. झोपलेला माणूस हात वर करत नाही. आणि मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या डोंगरातल्या या गावात चारही आळ्यांचे हात वर झाल्याशिवाय रस्त्यावरचा दिवासुद्धा बदलत नाहीत. टाकी राहिली. बायका ओढ्यावरून पाणी वाहत राहिल्या.

पण आता आरासेली जलशास्त्राची पदवी घेऊन परतली होती. तिच्या स्लाइडमध्ये अक्षरं उसळी मारत येणार होती, टाकी गिरकी घेऊन टेकडीवर बसणार होती आणि नळ नागासारखे सळसळत घरोघरी जाणार होते.

"टाकी दाखवतेयस की जत्रेतला पाळणा?" तिच्या आईने, एदुविजेसने, मक्याच्या पिठाचे तामाल वाफवता वाफवता विचारलं.

"लोकांचं लक्ष धरून ठेवावं लागतं, आई!"

रविवारी सभागृह गच्च भरलं. सभेचे अध्यक्ष फिदेन्सिओकाका टोपी काढून म्हणाले, "आज हो म्हणालात तर टाकी. नाही म्हणालात तर कॉफीची तोडणी संपेपर्यंत पुन्हा सभा नाही. चल पोरी."

आरासेलीने बटण दाबलं. टक. 'पा'. टक. 'णी'. टक. एकेक अक्षर टाइपरायटरच्या आवाजात उमटू लागलं.

"पोरी," वरच्या आळीतले सेनोबिओआजोबा पुढच्या बाकावरून म्हणाले, "तुझं यंत्र अजून पहिलीत आहे का गं?"

सभागृह हसलं. हसलं म्हणजे जागं आहे! आरासेली खूश झाली आणि तिने नकाशा उघडला. टाकीने गिरकी घेतली. टाळ्या पडल्या. मग आळ्या एकामागून एक उडत आल्या. आधी खालची, मग चर्चची, मग ओढ्याची आणि सगळ्यांच्या शेवटी, धापा टाकत आल्यासारखी, वरची.

टाळ्या थांबल्या.

"आमची आळी शेवटी का?" सेनोबिओआजोबा काठी टेकत उभे राहिले.

"आजोबा, त्याला काही अर्थ नाही. माझं क्लिक जसं पडलं, तशा त्या आल्या."

"अर्थ नाही? पाणी याच क्रमाने सोडणार ना?"

आता, क्रमाला अर्थ नाही असं या गावात फक्त चार वर्षं बाहेर राहिलेला माणूसच म्हणू शकतो. ग्रामसंताच्या मिरवणुकीत पुढे कोण, या वादापायी इथे एकाच रस्त्यावर दोन बँड दोन वेगवेगळी गाणी वाजवत गेले आहेत, आणि मधला संत बिचारा दोन्हींवर डोलला आहे!

"थांबा, बदलते," आरासेली म्हणाली. तिने वरची आळी पुढे ओढली. खालची शेवटी गेली.

"वा गं वा!" खालच्या आळीतली तोमासामावशी कडाडली. "जरा आवाज चढवला की आजोबांची आळी पुढे! आम्ही काय मुके आहोत?"

आरासेलीने चारही आळ्या एकदम आणल्या. पण एकदम आणताना चर्चच्या आळीला 'विरून जाणे' हा परिणाम चिकटला. ती आली आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हळूहळू नाहीशी झाली.

"आम्हाला पुसलं!" मागून आरोळी आली. "नकाशावरूनच पुसलं!"

"अहो, पुसलं नाही! तो नुसता इफेक्ट आहे!"

"इफेक्ट झालाच आहे! आमची माणसं निघाली!"

खरंच काही माणसं दाराकडे निघाली. टाकी हातची चालली. आरासेलीच्या कानशिलांना घाम फुटला. प्रत्येक आळीला स्वतंत्र स्लाइड दिली तर कोण मागे, कोण पुढे? तिने भराभर चार स्लाइड केल्या. घाईत वेळेच्या चौकटीत शून्य पडलं आणि 'पुन्हा पुन्हा दाखवा' यावरही खूण झाली. तिने बटण दाबलं मात्र, चारही आळ्या पडद्यावर भोवऱ्यासारख्या गरगरायला लागल्या! वरचीखालचीचर्चचीओढ्याची, वरचीखालचीचर्चचीओढ्याची!

"थांबव ते! मला घेरी येतेय!" आई ओरडली.

आरासेलीने सापडेल ते बटण बडवलं. त्यांतलं एक थांबवण्याचं निघालं. पडदा गपकन थांबला. चर्चची आळी!

"आलो परत!" दारापर्यंत पोचलेली माणसं ओरडली आणि पळत येऊन बाकांवर बसली.

"परत फिरव!" तोमासामावशी म्हणाली. या वेळी वरची आली. पुन्हा फिरवलं, खालची. सभागृह नाचायला लागलं. सेनोबिओआजोबांनी बराच वेळ पडद्याकडे रोखून पाहिलं.

"यात कुणाचा हात नाही," ते शेवटी म्हणाले. "मग भांडायचं कुणाशी? दर महिन्याला हे फिरवा. जी आळी येईल, तिला पाणी आधी. मी तयार आहे."

"मीही," तोमासामावशी म्हणाली, "पण बटणाकडे न बघता दाबायचं!"

फिदेन्सिओकाकांनी हात वर करायला सांगितलं. चारही आळ्यांचे हात वर गेले. एदुविजेसने तर दोन्ही हात वर केले. एक मोजू नका म्हणून सांगावं लागलं. टाकी मंजूर! आरासेलीचे डोळे भरून आले.

"एक राहिलं," फिदेन्सिओकाका टोपी घालत म्हणाले. "टाकीचा खड्डा आपल्यालाच खणायचाय, श्रमदानाने, रिवाजाप्रमाणे. ज्याला पाणी आधी, तो खणायलाही आधी. उद्या पहाटेपासून."

सभागृहात एकाएकी फार सभ्यता पसरली.

"आधी तुम्ही, मावशी."

"छे छे, वडीलधाऱ्यांचा मान, आजोबा!"

"आमची आळी विरून गेली तरी चालेल," चर्चच्या आळीतून कोणी तरी नम्रपणे सुचवलं.

आरासेलीने डोळे मिटले आणि बटण दाबलं.

ओढ्याची आळी. तिची स्वतःची.

"हे बघ आई, चारातून एक, म्हणजे शक्यता प्रत्येकीची सारखीच..." ती समजावू लागली.

दुसऱ्या दिवशी पहाटे टेकडीवर एदुविजेसने तिच्या हातात कुदळ दिली.

"घे," ती म्हणाली. "आणि बटण शोधत बसू नकोस. हिला नसतं."