दाराकडची रांग ठणठणीत!

माझ्या सुनेची तक्रार कुणाकडे करायची, तेवढं सांगा! मुलाकडे केली, तो म्हणाला, "आई, तिचं संशोधन चाललंय." विहीणबाईंकडे केली, तर त्यांचा ऊर अभिमानानं भरून आला. म्हणून आता तुमच्याकडे करते.

सून ज्या वॉर्डात नर्स, त्याच वॉर्डात मी गुडघा बदलून पडलेय. आणि ही बाई माझ्या खाटेपाशी घडीभर टेकत नाही! समोर खिडकीकडच्या रांगेत मात्र एकेकीला वेळ देऊन बसते. "काय वाटतंय? कसली भीती वाटते? उद्या टाके बघतील तेव्हा असं असं होईल हं." आवाज इतका गोड, की हिच्या गळ्यात हा सूर आहे हे मला इतक्या वर्षांत कळलंच नव्हतं!

एक दिवस मी गप्प बसले. (आमच्या घरात हे वाक्य कुणी खरं मानत नाही, पण बसले.) दुसऱ्या दिवशी हाक मारली.

"काय गं, या रांगेला काय खरूज झालीय?"

"आई, हळू बोला! माझा अभ्यास आहे तो. खिडकीकडच्या बायकांशी रोज बसून बोलायचं. दाराकडच्यांची नेहमीसारखीच काळजी घ्यायची. मग संध्याकाळी सगळ्यांना विचारायचं, किती दुखतंय. शून्य म्हणजे मुळीच नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. बोलल्यानं दुखणं कमी होतं का, ते बघायचंय."

"म्हणजे मी नेहमीसारखीच?"

"नाही हो. तुम्ही घरच्या, म्हणून तुम्हाला यात धरलेलंच नाही."

ऐकलंत? धरलेलंच नाही! ज्या घरात मला विचारल्याशिवाय पडदे धुवायला निघत नाहीत, त्या घरच्या सुनेनं मला मोजणीतूनच काढलं!

"शनिवारी माझ्या मोठ्या मॅडम येणार आहेत," ती म्हणाली. "त्यांना पटलं तर हे सगळ्या वॉर्डांत सुरू होईल. नाहीतर माझी वर्षभराची मेहनत पाण्यात. तेवढं लक्षात असू द्या, आई."

असू दिलं की! मॅडम येणार, आणि त्यांना काय दिसणार? अर्धा वॉर्ड कण्हतोय! ज्या वॉर्डात आमची सून, तिथल्या बायका "मेले, मेले" करतायत! नाक कुणाचं कापलं जाणार? आमचंच! पाहुणे यायचे म्हटलं की मी घर आवरते. पसारा कपाटात कोंबते, दार लावते आणि हसत पुढे होते. तसाच वॉर्ड आवरायला घेतला.

माझ्या उजव्या हाताला शिलाईवाली होती, घोट्याचं हाड मोडलेली. डाव्या हाताला निवृत्त मुख्याध्यापिका, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या.

"काय गं शिलाईवाले, काल किती सांगितलंस?"

"सात, काकू."

"सात? एवढ्याशा घोट्याला सात? मग बाळंतपणाला काय सत्तर सांगितलं असतंस?"

"पण खरंच दुखतं हो."

"दुखू दे ना! ते आपल्या आपल्यात. बाहेरच्या माणसापुढे शून्य म्हणायचं."

मुख्याध्यापिका चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "चुकीची माहिती देणं बरोबर नाही."

"बाई, तुमच्या शाळेत तपासणीला साहेब यायचे, तेव्हा वाचता न येणारी पोरं कुठं बसवायचात?"

बाईंनी चष्मा काढून चादरीच्या टोकाला पुसला. मग बारीक आवाजात म्हणाल्या, "शून्यच सांगू ना?"

संध्याकाळी सून आली. शिलाईवाली म्हणाली, "शून्य!" मुख्याध्यापिका म्हणाल्या, "शून्य!" थेट दारापर्यंत शून्यच शून्य! सुनेच्या भुवया केसांत जाऊन अडकल्या. समोर खिडकीकडे मात्र एकेकीला कंठ फुटला होता. पहिली म्हणाली, "तू एवढं मायेनं विचारतेस म्हणून सांगते हं. मी लाजून पाच सांगत होते. खरं तर आठ आहे गं, आठ!" तिचं ऐकून शेजारणीनं नऊ सांगितलं. मी मनात म्हटलं, काय ही लाडावलेली रांग!

इथवर सगळं झकास चाललं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारपाळीची सिस्टर गोळ्यांचा ट्रे घेऊन आली, आमच्या रांगेच्या तक्त्यांवरची शून्यं बघितली आणि म्हणाली, "वा! इथं कुणाला दुखतच नाही. मग या दुखण्याच्या जादा गोळ्या कशाला पोटात घालायच्या?" आणि ट्रे घेऊन सरळ खिडकीकडे निघून गेली!

"काकू!" शिलाईवाली उशीत तोंड खुपसून ओरडली. "गोळी बंद झाली!"

"शनिवारपर्यंत दम धर."

"आज गुरुवार आहे हो!"

"मग उद्याचाच काय तो प्रश्न!"

माझा गुडघा कसा होता म्हणता? छान होता. मला कुणी मोजतच नव्हतं, त्यामुळे माझी गोळी वेळच्या वेळी चालू होती.

शनिवारी मॅडम आल्या. बारीक अंगाच्या, पण नजर अशी की टाके आपोआप उसवावेत! त्यांनी आठवडाभराचे आकडे बघितले आणि सुनेला विचारलं, "हे काय गं? जिच्याशी तू बोललीस ती विव्हळतेय, आणि जिच्याशी बोलली नाहीस ती ठणठणीत! म्हणजे नर्सनी पेशंटशी बोलूच नये, असं जगाला सांगायचं का आपण?"

सुनेचा चेहरा पिळून ठेवलेल्या फडक्यासारखा झाला. तेव्हा कुठं मला शंका आली. घर आवरता आवरता आपण कामाचंच काहीतरी कचऱ्यात टाकलं की काय!

मॅडम आमच्या रांगेत आल्या. शिलाईवालीला विचारलं, "किती दुखतंय?"

"शून्य," ती दात आवळून म्हणाली.

मॅडमनी घोट्याला नुसतं बोट टेकवलं.

"शून्य! आई आई गं! मेले! शून्यच!"

पलीकडे मुख्याध्यापिकांच्या गालांवरून धारा लागल्या होत्या. "मलाही शून्य, मॅडम," त्या हुंदका गिळून म्हणाल्या. "अपूर्णांकसुद्धा नाही."

"हे शून्य तुम्हाला कुणी शिकवलं?"

 सगळ्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. खिडकीकडच्यासुद्धा! ज्यांचा काही संबंध नव्हता त्यासुद्धा!

मॅडमनी आधी आमच्या रांगेला गोळ्या द्यायला लावल्या. मग सुनेला म्हणाल्या, "हे आकडे विसरून जा. या बायका घरी गेल्या, नव्या आल्या, की पहिल्यापासून सुरुवात. आणि पुढच्या वेळी घरचं माणूस दुसऱ्या वॉर्डात ठेव."

त्या गेल्यावर सून माझ्या खाटेच्या पायथ्याशी येऊन उभी राहिली. डोळे लाल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाला गप्प करायची मला सवय आहे. पण ती हळूच म्हणाली, "आई, सगळं पुन्हा करायचं आता."

मला वाईट वाटलं. वाटतं हो मलाही, फक्त ते चेहऱ्यावर येऊ देत नाही. रांग कान टवकारून बसली होती. शिलाईवालीनं तर गोळी जिभेवरच धरून ठेवली होती. मी उशी सावरली, नीट बसले आणि साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं तिला सांगितलं, "हे बघ, सूनबाई, हुशार आहेस, मेहनती आहेस, पण व्यवहार म्हणून तुला काही कळत नाही! सासू वॉर्डात पडलेली असताना कुणी संशोधन काढतं का?"