भाई आचरेकरांची बेल

आमच्या मजल्यावर कुणी गाणं चुकीचं म्हटलं की दारावरची बेल वाजते.

दार उघडावं तर समोर भाई. पांढरा लेंगा, उलटी घातलेली बंडी, डोळे मिटलेले. "ता तसा नाय हां," एवढं बोलून ते बरोबर चाल गुणगुणतात, आपल्याकडून म्हणवून घेतात आणि मगच शेजारी स्वतःच्या घरात जातात. माझ्या नवऱ्याला त्यांनी एकदा अर्ध्या आंघोळीतून बाहेर काढलं होतं. बिचारा टॉवेल सांभाळत पॅसेजमध्ये अंतरा म्हणत उभा, आणि समोरच्या शहाबाई लिफ्टची वाट बघत भिंतीकडे तोंड करून. तेव्हापासून तो आंघोळीला जाताना तोंडातून ब्र काढत नाही.

गाणी कुणाची, तर अर्थात भाईंचीच. संगीतकार भाई आचरेकर म्हटलं की अख्ख्या महाराष्ट्राला काही ना काही आठवतं. लग्नात त्यांची गाणी, गणपतीत त्यांची गाणी, रिक्षात बसलात तरी त्यांचीच. एवढा मोठा माणूस अंधेरीच्या आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये राहतो यावर पाहुण्यांचा विश्वास बसत नाही. बसायला बेल वाजावी लागते.

एकदा तर आमच्या गल्लीतून वरात चालली होती आणि बँडवाल्यांनी भाईंचं होडीचं गाणं लावलं होतं. भाई तसेच चपला न घालता खाली उतरले आणि ट्रम्पेटवाल्याला थांबवलं. घोड्यावर नवरदेव, मागे नटलेल्या बायका, आणि हे मधोमध उभे राहून हाताने सूर दाखवतायत. मुलाकडचे भांडायलाच निघाले होते. तेवढ्यात बँडमास्तरने ओळखलं आणि पाया पडला. मग काय, धडा आणखी लांबला. मुहूर्ताची वाट लागली, पण वरात पुढे गेली ती अगदी सुरात.

या जाचातून एकच माणूस सुटलेलं होतं, ते म्हणजे माई, त्यांची बायको. माईला पुरस्कारांचं कौतुक नव्हतं. एका चांदीच्या चषकात ती लसूण ठेवायची. सकाळी बांगडे साफ करताना तेच होडीचं गाणं म्हणायची, आणि रोज चुकीचं म्हणायची. दुसरी ओळ संपताना चाल वर जाते, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. माई तिथे खुशाल खाली यायची. आमची स्वयंपाकघरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. मी भाईंना चिडवायची, घरच्यांना सूट आहे वाटतं? ते म्हणायचे, "तिका सांगतलो कोण?"

गेल्या वर्षी माई गेली. त्यानंतर भाईंचं बेल वाजवणं कमी होईल असं वाटलं होतं, ते उलट वाढलं. आणि दुपारची त्यांची पेटी ऐकू येऊ लागली. तेच होडीचं गाणं, दुसऱ्या ओळीपर्यंत. मग थांबायची. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तिथेच थांबायची. भाईंनी नवीन पिक्चर घेतलाय, असं आमचे सेक्रेटरी सावंत सगळीकडे सांगत सुटले.

त्या आनंदात सोसायटीने भाईंचा सत्कार ठरवला आणि होडीचं गाणं माझ्या गळ्यात मारलं. का, तर मी शेजारीण. मी महिनाभर मोबाईल कानाला लावून घोटलं. माझी एकच इच्छा होती, त्या माणसाने चारचौघांत मला थांबवू नये.

सत्काराच्या दिवशी भाई पहिल्या रांगेत, मांडीवर शाल आणि नारळ. पहिली ओळ छान गेली. दुसरीच्या शेवटी मी त्यांच्याकडे बघितलं आणि सूर आपोआप खाली आला. माईसारखा. इतकी वर्षं भिंतीतून ऐकलेलं, ते असं दगा देऊन गेलं.

भाई उठले. नारळ घरंगळत स्टेजखाली गेला. सावंतांनी डोळेच मिटून घेतले. भाई माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "परत म्हण."

मी नीट, वर नेऊन म्हटलं.

"ता नाय. आधी म्हटलंस तसा."

मी पुन्हा सूर खाली आणला. भाईंचे डोळे भरले होते. सगळ्यांदेखत त्यांनी शालीनेच पुसले.

मग त्यांनी सांगितलं. लग्न नवं होतं, लालबागच्या खोलीत ती चाल बसवली तेव्हा ऐकायला एकटी माई होती. मूळ चाल खालीच येत होती. रेकॉर्डिंगच्या वेळी निर्मात्याने वर न्यायला लावली. गाणं तुफान चाललं, आणि भाई स्वतःच मूळची चाल विसरले. माई विसरली नाही. ती गेल्यावर ते पेटीवर शोधत होते, पण बोटं दर वेळी रेकॉर्डवरच्या चालीकडेच जात होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेटीवर ती ओळ पुरी वाजली. संध्याकाळी बेल. दारात भाई.

मी म्हटलं, "सापडली ना भाई, आता काय?"

"गावली गो," ते म्हणाले. "पण ती किचनातसून येवक व्हयी."

मी मान डोलावली.

आता सकाळी कुकर लावला की मी खिडकी उघडते आणि तेवढी ओळ मोठ्याने म्हणते. खाली येऊन, अगदी चुकीची. बेल वाजत नाही.